प्रति: निर्दोष असेल तर सुटेलच की

सरकार वकिलांनाच अटक करतं या विषयावर वर एकांनी लिहिलंय, पकडलेला वकील निर्दोष असेल तर कोर्टात सुटेलच, मग घाबरायचं कशाला? सुटेलही, पण तोवर काय? चीनमध्ये जुलै २०१५ पासून वकिलांची धरपकड सुरू झाली, तीत मानवाधिकार वकील वांग छ्वानचांग यांना पकडलं आणि खटला उभा राहिला थेट डिसेंबर २०१८ मध्ये! शिक्षाही झाली. सुटकेनंतरही त्यांच्या घरमालकांवर दबाव, वीज-गॅस तोडणं चालूच राहिलं. शिवाय वकिलाचा फोन-लॅपटॉप जप्त झाला की सगळ्या अशिलांची कागदपत्रं आयती सरकारच्या हातात. खरा डाव बहुतेक तोच असतो.

राहिला वकिलांना विचारला जाणारा 'तसल्या लोकांची केस घेतलीच का' हा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या वकिलांच्या भूमिकेविषयीच्या १९९० च्या तत्त्वांत, कलम १८ मध्ये साफ म्हटलंय: अशिलाची बाजू म्हणजे वकिलाची बाजू असं धरू नये.