एच-इंडेक्स आणि डासाच्या नावापुढचं नाव

या चर्चेत दोघातिघांनी म्हटलंय की कीटकशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स (त्याच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून काढलेला आकडा) कमी म्हणजे कामाचा प्रभावही कमीच. पिकांवरच्या किडींवर काम करणाऱ्यांपुरतं ते थोडंफार चालेल, पण कीटकांच्या नव्या जातींचं वर्णन करणाऱ्यांना हा हिशोब लावणं सरळसरळ अन्याय आहे. आपल्या मुंबईचंच बघा ना, बीएमसीची माणसं गच्चीवर येऊन टाकीचं झाकण उचलून टॉर्च मारून अळ्या शोधतात, त्यात अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सीच्या अळ्या असतात, शहरातला मलेरिया मुख्यतः हाच डास पसरवतो, आणि त्याचं पूर्ण नाव लिहिताना पुढे 'लिस्टन, १९०१' येतं कारण या जातीचं पहिलं वर्णन लिस्टन या शास्त्रज्ञाचं, १९०१ सालचं. हाच माणूस पुढे परळच्या प्लेग लॅबमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, उंदरांवरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध शोधत होता.

आता मलेरियावरच्या कितीतरी पेपरांत हे नाव नि साल छापलं जातं, पण तो मूळ पेपर शेवटच्या संदर्भयादीत बहुतेक वेळा टाकतच नाहीत, आणि सायटेशन, म्हणजे असे संदर्भ, मोजणारी सिस्टीम वाचते फक्त ती यादी. एच-इंडेक्स तर २००५ मध्ये हिर्श या फिजिक्सवाल्याने काढलेला. तोच आकडा बघून आज जाती शोधणाऱ्या पोरांची प्रमोशनं ठरवतात याचा खरंच राग येतो.