पदवी अभ्यासक्रमाचा ‘आढावा’, ‘पुनर्विलोकन’ की ‘सुधारणा’?

इतिवृत्तकार

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठातल्या अभ्यास मंडळाचं (विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचं) इतिवृत्त यंदापासून मराठीत लिहायचं ठरलं आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. विषयपत्रिकेवरचा मोठा विषय म्हणजे बी.ए.चे सगळे अभ्यासक्रम पुन्हा तपासून बघणं आणि जिथे गरज असेल तिथे बदल सुचवणं. जुनी परिपत्रकं चाळली तर या एकाच कामासाठी पुनरावलोकन, पुनर्विलोकन, समीक्षा, फेरआढावा, संशोधन, सुधारणा, पुनर्रचना असे सगळे शब्द सापडले. हे समानार्थी आहेत का? शिवाय ‘अंडरग्रॅज्युएट’ला कुठे ‘पदवीपूर्व’ लिहिलंय, कुठे नुसतं ‘पदवी’. बैठकीत आम्ही सगळे ‘सिलॅबस रिव्हिजन’ म्हणतो, पण कागदावर काय लिहावं?

निवृत्त प्राध्यापक

समानार्थी नाहीत, आणि तसे वापरले की नुकसान होतं. आधी दोन कामं वेगळी करा. तपासून बघणं हे एक काम, बदल करणं हे दुसरं.

पहिल्यासाठी ‘आढावा’ हा आपला रुळलेला शब्द आहे. पीकपाण्याचा आढावा, टंचाईचा आढावा, जमाखर्चाचा आढावा. काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं, हे सगळं त्यात येतं. महत्त्वाचं म्हणजे आढावा घेऊन ‘आहे ते ठीक आहे, काही बदलू नये’ असाही निष्कर्ष काढता येतो. ‘सुधारणा’ म्हटलं की बदल होणार हे आधीच ठरलेलं असतं. इतिवृत्तात नुसतं ‘अभ्यासक्रम सुधारणेबाबत चर्चा झाली’ असं लिहिलं, तर आढावा घेतला होता का, हे वाचणाऱ्याला कळत नाही. बऱ्याचदा तो घेतलेलाच नसतो. म्हणून दोन्ही शब्द लिहा आणि दोन स्वतंत्र ठराव करा.

‘समीक्षा’ मराठीत साहित्याची, नाटकाची. ‘समीक्षा बैठक’ ही हिंदीच्या वळणाने आली. आपली ‘आढावा बैठक’ असते. ‘पुनर्मूल्यांकन’ तर मुळीच नको, विद्यार्थी तो शब्द उत्तरपत्रिकेसाठी वापरतात. आणि ‘रिव्हिजन’ म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षेआधीची उजळणी.

‘पुनरावलोकन’बद्दल एक गोष्ट. पुनर् आणि अवलोकन यांचा संधी ‘पुनरवलोकन’ असा होतो. ‘पुनरावृत्ती’त रा येतो, कारण तिथे मूळ शब्दच आवृत्ती आहे. त्या वजनावर ‘पुनरावलोकन’ रूढ झालं. नियमाने चुकीचं, पण आता इतकं पसरलंय की मी ते खोडत बसत नाही. स्वतः मात्र लिहीत नाही. ‘पुनर्विलोकन’ बिनचूक आहे, त्यात विलोकन आहे. (संस्कृतच्या काटेकोर नियमाने ‘पुनर्रचना’ही ‘पुनारचना’ व्हायला हवी. पण मराठीने ‘पुनर्रचना’ स्वीकारली आणि ती शब्दकोशांतही आहे. तिथे भांडण नाही.)

महसुलातला वकील

पुनर्विलोकन आणि पुनरीक्षण यांच्यात कायद्याने फरक केलेला आहे, तो इथे उपयोगी पडेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २५७ पुनरीक्षणाचं, कलम २५८ पुनर्विलोकनाचं. पुनरीक्षणात वरचा अधिकारी खालच्याचं प्रकरण मागवून तपासतो. पुनर्विलोकनात आदेश ज्याने दिला तोच अधिकारी, किंवा त्याच्या जागी आलेला, आपल्याच आदेशाकडे पुन्हा बघतो. इंग्रजीत पहिलं रिव्हिजन, दुसरं रिव्ह्यू.

तेव्हा ‘सिलॅबस रिव्हिजन’चं भाषांतर कोणी ‘अभ्यासक्रमाचे पुनरीक्षण’ असं करत असेल तर थांबवा. वाचणाऱ्याला वाटेल की वरून कोणीतरी तुमचं काम तपासायला घेतलंय. अभ्यास मंडळाने स्वतः आखलेला अभ्यासक्रम स्वतःच पुन्हा बघणं हे पुनर्विलोकनच. आढावा हा शब्द मलाही पटतो, पण औपचारिक ठरावात पुनर्विलोकन वजनदार वाटतं, आणि ते नेमकं आहे.

इंदूरकर

‘संशोधन’बद्दल सांगतो, कारण आमच्या घरात हा घोळ रोज होतो. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती: संविधान संशोधन, संशोधित पाठ्यक्रम, संशोधित समय-सारणी. तिथे ते बरोबरच आहे. संस्कृतातला शुध् धातू, म्हणजे शुद्ध करणं, तो अर्थ हिंदीने धरला. मराठीने शोध घेण्याचा अर्थ धरला. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. दोन्हीकडे संशोधन म्हणजे अभ्यास, शोध. हिंदीचा संविधान संशोधन म्हणजे आपली घटनादुरुस्ती.

म्हणून मराठी परिपत्रकात ‘संशोधित अभ्यासक्रम’ लिहिलं की माझ्या मुलीसारख्या दोन्ही भाषा शिकलेल्यांना ते कळतं, पण फक्त मराठीत शिकलेल्या मुलांना नाही कळत. ‘सुधारित’ हा शब्द सरकारी मराठीत आधीपासून आहे, सुधारित वेतनश्रेणी, सुधारित अंदाजपत्रक. तोच वापरा.

निवृत्त प्राध्यापक

इंदूरकर, अगदी बरोबर. आणि आता तर हा गोंधळ वाढणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चौथं वर्ष केलं की ऑनर्स पदवी मिळते, आणि संशोधन प्रकल्प केला तर संशोधनासह ऑनर्स. आता ‘संशोधित ऑनर्स अभ्यासक्रम’ असा मथळा डोळ्यासमोर आणा. बदललेला अभ्यासक्रम की संशोधनाचा अभ्यासक्रम? दोन्ही अर्थ निघतात, आणि प्रवेश घेणाऱ्या मुलाला यातला कोणता ते कळणं भाग आहे.

सीमाभागकर

‘पदवीपूर्व’वर आमचा जोरदार आक्षेप नोंदवा. बेळगाव, खानापूर, निपाणीत ‘पदवीपूर्व महाविद्यालय’ म्हणजे अकरावी-बारावी. कर्नाटकात त्या शिक्षणाच्या खात्याच्या नावातच ‘पदवी पूर्व’ आहे. आमच्याकडची कितीतरी मुलं कोल्हापूरला बी.ए., बी.कॉम.ला जातात. ‘पदवीपूर्व अभ्यासक्रमात बदल’ अशी सूचना त्यांच्या आईवडिलांनी वाचली, तर ते म्हणणार, हे धाकट्याचं आहे, थोरल्याचं नव्हे.

पदवीसाठीचा अभ्यास तो ‘पदवी अभ्यासक्रम’, आणि त्यानंतरचा ‘पदव्युत्तर’. इतकं सरळ आहे. ‘अंडर’चं भाषांतर करायची गरजच काय?

इतिवृत्तकार

सगळ्यांचे आभार. पदवीपूर्व बाद, संशोधित बाद. पण लिहायला बसल्यावर खरी अडचण दुसरीच निघाली. बी.ए. मराठी ही अख्खी पदवी, त्यातला एक पेपर, आणि त्या पेपरात शिकवायचे मुद्दे, या तिघांनाही आम्ही ‘अभ्यासक्रम’च म्हणतो. ‘मंडळाने अभ्यासक्रम बदलला’ असं लिहिलं तर नेमकं काय बदललं?

अभ्यासकेंद्रावरून

यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वीच उत्तर शोधलंय. १९८९ साली स्थापना झालेलं हे विद्यापीठ. तिथे पूर्ण पदवी म्हणजे ‘शिक्षणक्रम’ आणि त्यातला एकेक विषय म्हणजे ‘अभ्यासक्रम’. माहितीपुस्तिकेपासून प्रवेश अर्जापर्यंत हीच वाटणी. विद्यार्थी नोकरी करणारे, शेती करणारे, कित्येक वर्षांनी शिकायला परत आलेले. त्यांना पहिल्या संपर्कसत्रातच हे समजतं. ‘शिक्षणक्रम तोच आहे, एक अभ्यासक्रम बदललाय’ असं म्हटलं की कोणी घाबरत नाही. ‘श्रेयांक’ (क्रेडिट) हा शब्दही मी तिथेच पहिल्यांदा वापरला. आता तो शासननिर्णयांतही दिसतो.

तासिका तत्त्वावर

शिक्षणक्रम शब्द चांगला आहे, पण संलग्न महाविद्यालयांत तो कोणी वापरत नाही. वर्गात मी ‘तुमचा शिक्षणक्रम’ म्हटलं तर मुलं थबकतील. पुण्याच्या बाजूला मुख्य विषयाला आम्ही ‘स्पेशल’ आणि जोडीच्या विषयाला ‘जनरल’ म्हणायचो, मुंबईत ‘सिक्स युनिट’, ‘थ्री युनिट’. आता सगळीकडे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. लोकांच्या तोंडात जे आहे ते लिहावं असं माझं मत: ‘पदवी’, ‘पेपर’ किंवा ‘विषय’, आणि पेपरातले ‘घटक’. तीन साधे शब्द, तिघांचे अर्थ वेगळे.

आणि बदलाचं नाव काय द्यायचं, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण ते मी जवळून पाहिलंय. एका श्रेयांकाला सत्रात १५ तास. माझा एक पेपर चार श्रेयांकांचा होता, म्हणजे ६० तास, चार घटक. नव्या रचनेत तो दोन श्रेयांकांचा झाला, ३० तास. नव्या प्रतीत पहिले दोन घटक जसेच्या तसे होते आणि पुढचे दोन नव्हते. संदर्भग्रंथांची यादी मात्र पूर्वीचीच, वगळलेल्या घटकांच्या पुस्तकांसकट. वर शीर्षक: ‘सुधारित अभ्यासक्रम’.

ही सुधारणा नाही. याला फार तर ‘कपात’ म्हणावं. चार घटकांचा मिळून एक विचार असतो. कादंबरीचे आधी प्रकार, मग इतिहास, मग दोन नेमलेल्या कादंबऱ्या. शेवटचे दोन घटक गेले की विद्यार्थी कादंबरीबद्दल वाचतो आणि कादंबरी वाचतच नाही. आढावा घेतला असता तर ३० तासांसाठी उलटं ठरवता आलं असतं: एक कादंबरी पूर्ण वाचायची आणि प्रकार-इतिहास तिच्या अनुषंगाने सांगायचा. तो ‘सुधारित’ पेपर झाला असता.

निवृत्त प्राध्यापक

हे फार नेमकं मांडलंत. बदलाच्या पायऱ्यांना खरंच वेगवेगळी नावं हवीत, आणि मराठीत ती आहेत. छापण्यात चूक राहिली तर शुद्धिपत्रक. नेमलेलं पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणून दुसरं नेमलं, तर किरकोळ बदल. घटक नव्याने लिहिले, मूल्यमापन बदललं, तर सुधारणा. पदवीचा सांगाडाच बदलला, किती श्रेयांक, कोणते विषय कोणत्या वर्षी, तर पुनर्रचना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार जे चाललंय ती पुनर्रचना आहे. महाराष्ट्रात एका सत्राला २२ श्रेयांक, तीन वर्षांचे १३२, चार वर्षांचे १७६. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय. स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठाचे विभाग २०२३-२४ पासून, संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ पासून. इतका मोठा बदल ‘सुधारित सिलॅबस’ या नावाखाली गेला की शिक्षकही समजतात, चार घटक इकडचे तिकडे झाले.

श्रेयांक आणि कार्यभार यांची गाठ आहे हेही विसरू नका. पेपराचे तास निम्मे झाले की वर्कलोड घटतं, आणि वर्कलोडवर पदं ठरतात. बैठकीत घटकांवरची चर्चा म्हणता म्हणता तासांकडे वळते, कारण समोर बसलेल्याची नोकरी त्यात असते. मला त्याचा दोष द्यावासा वाटत नाही. म्हणूनच आढावा आणि सुधारणा हे दोन ठराव वेगळे असावेत. पहिल्यात विद्यार्थ्याला काय यायला हवं एवढंच बोलावं. तासांचं गणित दुसऱ्यात.

इतिवृत्तकार

पटलं. मग ठरावाचा मसुदा असा करते: ‘बी.ए. (मराठी) या पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतील विषयांचा आढावा मंडळाने घेतला. तीन विषयांत बदल आवश्यक नाही. एका विषयात सुधारणा करण्याची शिफारस विद्याशाखेमार्फत विद्यापरिषदेकडे करण्यात येत आहे.’ शिक्षणक्रम हा शब्द मला आवडलाय, पण आमच्या नियमावलीत नाही, म्हणून सध्या ‘पदवी’ आणि ‘विषय’. पुनर्विलोकनही ठेवलं नाही. वकीलसाहेब रागावणार नाहीत अशी आशा.

महसुलातला वकील

अजिबात नाही. मसुदा स्वच्छ आहे. फक्त ‘करण्यात येत आहे’ऐवजी ‘मंडळ करीत आहे’ लिहा. ठराव कोणी केला ते वाक्यातच यायला हवं.

परीक्षा विभागातून

उशिरा लिहितेय, पण आमच्या खिडकीवर जे रोज घडतं ते सांगायलाच हवं. विद्यार्थी ‘अभ्यासक्रम’ही म्हणत नाहीत आणि ‘शिक्षणक्रम’ही. ते म्हणतात ‘पॅटर्न’. ‘मॅडम, माझा २०१९ पॅटर्न आहे, एक पेपर राहिलाय.’ प्रश्नपत्रिकेवर कंसात पॅटर्नचं वर्ष छापलेलं असतं, तीच त्यांची ओळख. तंत्रनिकेतनाची मुलं ‘आय स्कीम’, ‘के स्कीम’ म्हणतात. मुंबईकडे इंजिनिअरिंगला ‘सी स्कीम’.

पॅटर्न हा शब्द परका असेल, पण त्यात एक गोष्ट आहे जी ‘सुधारित’मध्ये नाही: वर्ष. ‘सुधारित अभ्यासक्रमानुसार परीक्षा होतील’ अशी सूचना लागली की केटी (मागचा पेपर) राहिलेली मुलं रांगेत उभी राहतात. जुना पेपर अजून निघणार का? किती वेळा? त्याऐवजी नव्यातला कोणता समकक्ष धरायचा? एक मुलगा नवीन पुस्तक विकत घेऊन दोन महिने अभ्यास करून आला होता. त्याला जुनाच पेपर द्यायचा होता. सूचनेत ‘सुधारित’ हा एकच शब्द होता, कोणासाठी ते नव्हतं.

त्यामुळे इतिवृत्तकार मॅडम, सुधारणेच्या ठरावात अजून तीन गोष्टी घाला. कोणत्या शैक्षणिक वर्षी प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना ती लागू. जुन्या विषयाची परीक्षा किती सत्रं चालू राहणार. आणि जुन्या कोणत्या विषयाला नवा कोणता विषय समकक्ष, याचा तक्ता. हा तक्ता ठरावासोबत आला नाही तर तो आम्हाला खिडकीवर बसून तोंडी बनवावा लागतो, आणि प्रत्येक महाविद्यालय तो वेगळा बनवतं.

इतिवृत्तकार

तक्त्याचं आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उद्या अध्यक्षांशी बोलते आणि तो परिशिष्ट म्हणून जोडून घेते. ‘समकक्ष’ की ‘समतुल्य’?

परीक्षा विभागातून

‘समकक्ष’. समतुल्यता प्रमाणपत्र दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना लागतं, ती फाईल वेगळ्या टेबलावर जाते.