निवारागृहातल्या मुलीचा शाळाप्रवेश: दाखला मागवला तर पत्ता फुटेल का?

खानापूर_ताई
बेळगावच्या निवारागृहात आईबरोबर दोन मुलं आली आहेत. मुलगी तिसरीतली, चंदगड तालुक्यातल्या मराठी शाळेतली. मुलगा पाच वर्षांचा, रात्री अंथरूण ओलं करतो. शाळा सोडल्याचा दाखला नाही, आणि बाप शोधत फिरतोय. सुरुवात कुठून करायची?

शाळामास्तर
दाखल्यासाठी थांबू नका. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5: दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी-अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही, मूल दुसऱ्या राज्यातून आलं तरी. वयाचा पुरावा नसेल तर कलम 14 दाखवा.

घोळ होतो तो पुढे. नवी शाळा सवयीने जुन्या शाळेला फोन लावते, आणि तिथले गुरुजी भाबडेपणाने बापाला सांगून टाकतात. म्हणून मुख्याध्यापकांना आधीच गाठा: दाखल्याचं पत्र शाळेकडून नको, बाल कल्याण समितीमार्फत (मुलांच्या संरक्षणाची जिल्ह्यातली सरकारी समिती) जाऊ दे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोही नको. प्रार्थनेच्या फोटोत मागे शाळेची पाटी असतेच.

बाप फाटकावर आलाच, तर आदेश हातात नसलेली शाळा मूल देऊन मोकळी होते. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005, कलम 21 खाली तात्पुरत्या ताब्याचा आदेश घ्या, प्रत शाळेत द्या. कलम 27 मुळे अर्ज बेळगावातच करता येतो, आई इथं तात्पुरती राहत असली तरी.

कन्नडची धास्ती नको. अक्षरांचा क्रम आपलाच, ऱ्हस्व ए-ओ तेवढे जास्तीचे. स्वतःचं नाव, मग बसच्या पाट्या. रोज पंधरा मिनिटं.

निपाणी_सिस्टर
मुलाचं: पाचव्या वर्षी अंथरूण ओलं होणं नवलाचं नाही. पण आधी कोरडा राहत होता आणि आता परत सुरू झालं असेल, तर भीती हे कारण असू शकतं. तरी लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

अंथरूण असं घाला: गादीवर प्लास्टिक, चादर, पुन्हा प्लास्टिक, वर चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालची तयार. दिवा लावायला नको, बाकीची मुलं उठत नाहीत. दिवसा पाणी तोडू नका, फक्त झोपण्याआधीचा तास कमी. संडासापर्यंत मिणमिणता दिवा हवाच. पुष्कळदा पोरगं बोळाच्या अंधारालाच घाबरून उठत नाही. ओली चादर चारचौघांत वाळत घालू नका.

खानापूर_ताई
आभारी आहे. मुलगी सारखी विचारते, बाबा कधी येणार?

निपाणी_सिस्टर
"लवकरच" म्हणू नका, ती दारातच बसून राहील. "ते मला माहीत नाही. आज आपण इथंच झोपणार, दाराला आतून कडी आहे, सकाळी शाळा." एवढं पुरतं. घरी काय झालं ते मात्र जो तो तिला विचारत बसू नये. समुपदेशक एकच असावा.