निकोलाए योर्गा: १९३१ साली ३८७ पैकी २८९ जागा, पुढच्याच वर्षी मूठभर. हे झालं कसं?

अर्धविराम:
रुमानियाचे इतिहासकार निकोलाए योर्गा (१८७१–१९४०) यांच्या राजकारणाबद्दल वाचतोय आणि तीन ठिकाणी अडलोय.

१) १८ एप्रिल १९३१ला पंतप्रधान झाले, जूनमधल्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ४७ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. जून १९३२ मध्ये सरकार गेलं आणि पक्ष पार तळाला. वर्षभरात एवढी लाट ओसरते?
२) त्यांनी कुझाबरोबर पक्ष काढला असं वाचलं. पण कुझा तर १८६०च्या आसपासचा राज्यकर्ता ना?
३) १९४० साली त्यांचा खून झाला, तो पंतप्रधान असताना घेतलेल्या निर्णयांमुळे का?

तळटीप:
पहिल्याचं उत्तर: लाट नव्हतीच. आपल्याकडे आधी मतदान होतं आणि मग सरकार बनतं. त्या काळच्या रुमानियात हा क्रम उलटा होता. राजा जुन्या मंत्रिमंडळाला निरोप द्यायचा, नवा पंतप्रधान नेमायचा, संसद विसर्जित करायचा. नवं सरकार आधी जिल्ह्याजिल्ह्यातले प्रीफेक्ट (सरकारने नेमलेले जिल्हाप्रमुख) बदलायचं आणि मग त्याच प्रीफेक्टांच्या देखरेखीखाली मतदान व्हायचं. सरकारात असलेला पक्ष हरणं जवळपास अशक्यच.

त्यात १९२६चा निवडणूक कायदा. ज्या यादीला (पक्षाच्या किंवा आघाडीच्या उमेदवारयादीला) देशभरात ४० टक्के मतं मिळतील तिला अर्ध्या जागा बक्षीस, आणि उरलेल्या अर्ध्यांतही मतांच्या प्रमाणात वाटा. २ टक्क्यांखालच्यांना काही नाही. गणित करून बघा: ३८७च्या अर्ध्या म्हणजे साधारण १९३. उरलेल्या १९४चे साडेसत्तेचाळीस टक्के म्हणजे ९२. झाल्या २८५. छोट्या पक्षांची मतं वाटपातून गळतात, म्हणून आकडा आणखी थोडा वर, २८९.

राष्ट्रीय शेतकरी पक्षाचे आकडे शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ होतं. १९२८ साली सत्तेत असताना सुमारे ७८ टक्के. १९३१ साली सत्तेबाहेर, १५ टक्के आणि ३० जागा. १९३२ साली पुन्हा सत्तेत, ४० टक्क्यांच्या जेमतेम वर आणि २७४ जागा. तीन-चार वर्षांत लोकांची मतं अशी झोके घेत नाहीत. झोके राजवाड्यातून दिले जातात.

शिवाय १९३१ची 'राष्ट्रीय ऐक्य' यादी योर्गांच्या एकट्या पक्षाची नव्हतीच. तिच्यात इयोन दुका यांचा लिबरल पक्ष होता, जर्मन अल्पसंख्याकांचा पक्ष होता. योर्गांचा स्वतःचा पक्ष कायमच लहान. आघाडी सुटली, सत्ता गेली, मागे उरलं ते त्याचं खरं वजन.

मोडीवाचक:
वरच्या उत्तराला जोड. राजा दुसरा कारोल जून १९३०मध्ये परत येऊन गादीवर बसला. त्याला पक्षांवर अवलंबून राहायचं नव्हतं. आधी मुत्सद्दी निकोलाए तितुलेस्कुंना सरकार बनवायला सांगून पाहिलं, ते जमलं नाही, मग योर्गा. योर्गा एकेकाळी कारोलचे शिक्षक, मान मोठा, मागे फौज नाही. राजाला सोयीचा माणूस. 'तज्ज्ञांचं सरकार' हे नाव गोंडस होतं, पण योर्गांनी शिक्षणखातं स्वतःकडे ठेवलं आणि तिजोरी गेली कॉन्स्टंटिन अर्जेतोयानुंकडे. पुढे गृहखात्याची सूत्रंही त्यांच्याच हाती. प्रत्यक्ष कारभार कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

सरकार गडगडलं ते पैशावर. १९२९नंतर धान्याचे भाव कोसळले, शेतकऱ्यांचं कर्ज थकलं, ऑक्टोबर १९३१मध्ये मार्मोरोश-ब्लँक ही मोठी बँक बुडाली. नोकरांचे पगार महिनोन्महिने तुंबले. एप्रिल १९३२मध्ये शेतीकर्ज रूपांतराचा कायदा आला: १० हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याचं निम्मं कर्ज माफ, उरलेलं लांब मुदतीच्या हप्त्यांनी. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण बँकांच्या वहीत ते कर्ज 'मालमत्ता' म्हणून लिहिलेलं होतं. निम्मी मालमत्ता कायद्याने पुसली गेली आणि आधीच डळमळणाऱ्या बँकांनी नवं कर्ज देणंच आखडलं. म्हणजे माफी मिळालेल्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीसाठी पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच. १९३४ साली हा सगळा विषय नव्या कायद्याने पुन्हा हाताळावा लागला.

एक गोष्ट मात्र जमेची: अल्पसंख्याकांसाठी उपमंत्रिपद निर्माण करून त्यावर ट्रान्सिल्व्हानियाचे जर्मन रुडॉल्फ ब्रांड्श यांना बसवलं. ज्या माणसाने १९१० साली उघड ज्यूविरोधी पक्ष काढला त्याच्या सरकारात हे घडलं. पण यावरून योर्गा पुरते बदलले असं समजू नका. १९३७-३८मध्ये त्यांची लेखणी पुन्हा त्याच वळणावर गेली.

बाराखडी:
कुझा दोन आहेत. अलेक्झांद्रू इयोआन कुझा हा १८५९ ते १८६६चा राज्यकर्ता. योर्गांचा भागीदार ए. सी. कुझा, याश विद्यापीठातला प्राध्यापक, कडवा ज्यूद्वेष्टा. १९१०चा राष्ट्रवादी लोकशाही पक्ष या दोघांचा. पहिल्या महायुद्धानंतर दोघे फुटले आणि १९२३ साली कुझाने स्वस्तिकवाला वेगळा पक्ष उभा केला. हाच कुझा डिसेंबर १९३७मध्ये कवी-राजकारणी ऑक्टाव्हियन गोगाबरोबर जेमतेम ९ टक्के मतांवर सरकारात गेला. त्या वेळी सत्तेतल्या लिबरलांना ४० टक्के गाठता आले नव्हते, बक्षीस कोणालाच मिळालं नाही आणि राजाला हवा तो खेळ खेळता आला. तळटीप यांनी सांगितलेल्या कायद्याची ही दुसरी बाजू.

आणखी एक घोळ: 'इतिहासकार-पंतप्रधान' म्हणून शोधलं की मिहाईल कोगल्निचानुही येतात. ते १८६३ ते १८६५, पहिल्या कुझाच्या हाताखालचे. मठांच्या जमिनी सरकारजमा करणं आणि १८६४ची जमीनसुधारणा त्यांच्या खात्यावर, योर्गांच्या नव्हे.

अर्धविराम:
म्हणजे राजा आणि प्रीफेक्ट, मतदार तिसरा. कळलं. आणि खून? आयर्न गार्डवर (त्या काळची कडवी उजवी, ज्यूद्वेष्टी संघटना) बंदी योर्गांनीच घातली ना?

मोडीवाचक:
घातली, मार्च १९३२मध्ये, पण ती दुसरी बंदी. पहिली जानेवारी १९३१ची, आधीच्या सरकारातले गृहमंत्री मिहालाके यांची. सूड निव्वळ बंदीचा असता तर बळींची यादी बरीच लांबली असती.

खरी ठिणगी १९३८ची. फेब्रुवारीत कारोलने हुकूमशाही आणली, योर्गा बिनखात्याचे मंत्री झाले. गार्डची खानावळी-दुकानं म्हणजे राजकारणाचा आडोसा, असं त्यांनी 'नेआमुल रोमनेस्क' या आपल्या वृत्तपत्रात लिहिलं. गार्डचा नेता कोद्र्यानु याने २६ मार्चला पत्र पाठवून त्यांना मनाने अप्रामाणिक ठरवलं. योर्गांनी तक्रार केली, आणि पदावरच्या मंत्र्याचा अपमान म्हणून कोद्र्यानुला सहा महिने झाले. राजाला तेवढंच हवं होतं. माणूस आत गेल्यावर मे महिन्यात देशद्रोहाचा खटला, दहा वर्षं सक्तमजुरी, आणि नोव्हेंबरअखेर 'पळून जाताना' म्हणून गळा दाबून मारलं. गार्डच्या लेखी याची सुरुवात योर्गांच्या तक्रारीपासून.

सप्टेंबर १९४०मध्ये गार्ड सत्तेत आला. १० नोव्हेंबरच्या भूकंपात वलेनी दे मुंतेचं घर खराब झालं म्हणून योर्गा सिनायाला गेले होते. २६-२७च्या रात्री झिलावा तुरुंगात गार्डने ६४ कैदी मारले. २७ला योर्गांना सिनायाच्या घरातून उचललं आणि प्लोयेश्तजवळ स्त्रेझ्निकला गोळ्या घातल्या. त्याच दिवशी अर्थतज्ज्ञ विर्जिल माद्जारुंनाही.

तळटीप:
लेख लिहिणार असाल तर तारखा जपून. रुमानियाने ग्रेगोरियन पंचांग एप्रिल १९१९मध्ये घेतलं, त्याआधीच्या विसाव्या शतकातल्या तारखा तेरा दिवसांनी सरकतात, एकोणिसाव्या शतकातल्या बारा दिवसांनी. १९०६ साली राष्ट्रीय नाट्यगृहापुढे फ्रेंच नाटकांविरुद्ध झालेल्या निदर्शनांनी योर्गा पुढारी म्हणून पुढे आले, ती तारीख १३ मार्च लिहितात. ती जुन्या पंचांगाची, नव्या हिशोबाने २६. एकाच परिच्छेदात दोन्ही पद्धती मिसळू नका.