‘घसा बसला’ की ‘आवाज बसला’?

प्रश्न : ‘घसा बसणे’ आणि ‘आवाज बसणे’ यांत फरक आहे का? आणि लिहिताना ‘स्वरभेद’ बरोबर की ‘स्वरभंग’?

उत्तर : बोलण्यात दोन्ही चालतात. पण घसा खवखवतो, धरतो, सुजतो; आवाज बसतो, चिरकतो, फाटतो. दुखणी वेगळी आहेत. सर्दीत दोन्ही एकदम होतात. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंचा मात्र घसा ठणठणीत असतो आणि शुक्रवारपर्यंत आवाज गेलेला असतो. मी २८ वर्षे हे भोगले आहे. रोजच्या ताणाने दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी येतात. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाचे १०० ते १२५ वेळा. मोठ्यांमध्ये या गाठी बायकांत जास्त दिसतात त्याचे हे एक कारण. लहानपणी मात्र त्या मुलग्यांना जास्त होतात, कारण आरडाओरडा. अशा आवाजाला आपला ‘घोगरा’ हा शब्द चपखल बसतो.

‘आवाज फुटणे’ हा आजार नाही, वयात येताना स्वरयंत्र वाढते इतकेच. काही मुलांचा आवाज त्यानंतरही किनराच राहतो. त्यांची चेष्टा करू नका. आवाजाच्या व्यायामांनी बहुतेकांना चांगला गुण येतो.

आता स्वरभेद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि कारणांत पहिलेच आहे ‘अत्युच्चभाषण’. पुढे ‘अध्ययन’ही येते, म्हणजे मोठ्याने पाठ म्हणणे. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे हे दुखणे तेव्हाही ठाऊक होते, हे वाचून मला भरून आले होते. ‘स्वरभंग’ आपण सात्त्विक भावांतही, म्हणजे रसशास्त्रात सांगितलेल्या, भावनेने अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांतही वाचतो : भीतीने, आनंदाने, रागाने आवाज कापरा होणे. म्हणून आजाराला स्वरभेद आणि भावनेला स्वरभंग म्हणावे, असे माझे मत. वापरात दोन्ही सरमिसळ आहेत.

पुरवणी प्रश्न : मग ‘वाचा बसणे’?

उत्तर : ती फार वेगळी गोष्ट. अर्धांगवायूत वाचा जाते, शब्द सुचत नाहीत किंवा जीभ वळत नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर कधी आवाज जातो, पण वाचा शाबूत असते. स्वरयंत्राची नस (मज्जातंतू) त्या ग्रंथीला खेटूनच जाते. डावी नस तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते. त्यामुळे फुप्फुसातली गाठही कधी कधी आधी आवाजात कळते.

‘बसला’ या शब्दाची मला एक भीती वाटते. बसलेला आवाज चार दिवसांत सुटणार, हे त्यात गृहीतच असते. तीन आठवड्यांत सुटला नाही, त्यातून माणूस विडी-तंबाखूवाला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवे. आमच्या शेजारचे काका चार महिने ‘घसा बसलाय’ म्हणत ज्येष्ठमध चघळत राहिले. गाठ स्वरतंतूवर होती.