नवरा बोटीवरून येतोय, धाकटी त्याच्याकडे जाईल का?

सागरिका:
नमस्कार, माझा नवरा बोटीवर फिटर आहे, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय आणि पुढच्या पंधरवड्यात साइन ऑफ होईल, म्हणजे बोटीवरून मोकळा होईल असं म्हणतायत. तो गेला तेव्हा धाकटी भिंत धरून उभी राहायची, आता वीस महिन्यांची आहे, घरभर पळते. व्हिडिओ कॉलवर बाबा दिसले की फोनला पापे देते पण घरात नवीन माणूस आला की माझ्या मानेत तोंड खुपसून बसते. मोठा साडेपाचचा. आधी रोज विचारायचा बाबा कधी येणार, हल्ली फोन पुढे केला की मला नाही बोलायचं म्हणून अंगणात पळतो. नवऱ्याला हे फार लागलंय, बोलत नाही पण कळतं मला. सासूबाई म्हणतात रक्ताची ओढ असते, बघितल्याबरोबर झेप घेईल. सगळ्यांनी मिळून रत्नागिरीहून मुंबईला एअरपोर्टवर जायचं ठरलंय, आत्या काका सगळे, मोठी गाडी करून. धाकटीने तिथे सगळ्यांसमोर रडून आकांत केला तर त्याला काय वाटेल? कोणाच्या घरी असं आहे का, काय करता तुम्ही?

कैरी:
ताई, मुलांना एअरपोर्टला अजिबात नेऊ नका. सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास, झोपमोड, गर्दी, त्यात सगळे ओरडणार गं बाबा आले बाबा आले, मोठी माणसं बुजतील तिथे लेकराचं काय. त्याला घरी येऊ दे, आंघोळ जेवण होऊ दे, मग मुलं खेळत असतील तिथे जमिनीवर जाऊन बसू दे नुसता. हात पुढे करून ये ये करायचं नाही, कोणी ढकलायचं नाही, चॉकलेट दाखवून बोलवायचं नाही. माझा नवरा एबी, म्हणजे बोटीवर खलाशी आहे, आमच्याकडे तो आल्यावर मुलीच्या शेजारी बसून तिचे ठोकळे रचत बसतो, तिच्याकडे बघतसुद्धा नाही फारसं, मग तीच हळूच येऊन हातातला ठोकळा काढून घेते आणि तिथून सुरू होतं.
आणि एक, रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, बोटीवर चढेपर्यंत मोठ्याला तारीख सांगू नका. नियमाने सलग ११ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही पण २०२० मध्ये बंदरं बंद झाली तेव्हा कितीतरी माणसं वर्षाच्या वर अडकली होती, आणि एरवीही आठ-दहा दिवस इकडेतिकडे होतातच. दिलेली तारीख टळली की पोरांचा विश्वास उडतो, माझ्या मते मोठा फोनवर येत नाही त्याचं कारणही असंच काहीतरी असेल.

बालडॉक्टर:
धाकटीचं वय बघता बुजणं अगदी नॉर्मल आहे. सातआठ महिन्यांपासून मुलांना आपली माणसं आणि परकी माणसं हा फरक कळायला लागतो, आणि दुसऱ्या वर्षातही ते बऱ्याच मुलांत टिकतं. फोनवरचा चेहरा आणि आवाज ओळखीचा असतो पण अंगाचा वास, उंची, उचलून घ्यायची पद्धत हे सगळं तिला नवीनच आहे. कॉल मात्र चालू ठेवा, त्याचा उपयोग होतो.
मोठ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. १९५०च्या सुमारास इंग्लंडमध्ये लहान मुलांना हॉस्पिटलात ठेवलं की आईबापांना फारसं भेटू देत नसत, आणि जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या संशोधकांनी तेव्हा नोंदवलं की मूल आधी रडतं, मग गप्प होतं, मग आई आली तरी तोंड फिरवतं. नर्सेसना वाटायचं रुळलं. तसं नव्हतं, त्याला आईची गरज तेवढीच होती. शेवटी १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने आईबापांना मोकळेपणाने भेटू द्या अशी शिफारस केली. तेव्हा तुमचा मुलगा बोलायचं टाळतोय म्हणजे तो बाबांना विसरलाय असं कृपया समजू नका. आल्यावर तो हट्ट करेल, उलट बोलेल, कदाचित परत अंथरूण ओलं करेल. पहिले काही आठवडे बाबांनी शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये, आणि थांब बाबांना सांगते हे वाक्य घरातून बंद करा.

फौजी_सातारा:
वरच्या दोघांचं पटलं. आम्हाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल, तीही तुकड्यातुकड्याने, फील्ड पोस्टिंग असलं की फॅमिली सोबत नसते, त्यामुळे हे दर वेळी नव्याने करावं लागतं. एक काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या. संध्याकाळचा वरणभात भरवणं असेल नाहीतर मोठ्याला शाळेत सोडणं, आणि त्या वेळी तुम्ही समोर थांबू नका, तो चुकीचं करेना का. दुसरं म्हणजे परत जायच्या दिवसाचं आत्ताच ठरवा. पोरं झोपली की गुपचूप निघायचं ही आपल्याकडची पद्धत मला अजिबात मान्य नाही. सकाळी उठून बाबा गायब दिसले की पुढच्या वेळी ते पोरगं त्याला संडासलासुद्धा एकटं जाऊ देत नाही, हे मी युनिटमधल्या कितीतरी घरी बघितलंय. रडू दे, पण सांगून जा.

सागरिका:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळे भरून आले. मोठ्याला मागच्या वेळी गणपतीपर्यंत येतील असं सांगितलं होतं आणि ते हुकलं, कैरीताई म्हणतात तसंच असणार. एअरपोर्टला फक्त सासरे जातील. रात्री धाकटी माझ्याजवळच झोपते, त्याने कुठे झोपायचं? आणि आत्याला कसं सांगू, ती रागवेल.

कैरी:
जागा बदलू नका, ती तुमच्या कुशीत, तो पलीकडच्या कडेला, मोठा मध्ये. आत्याला म्हणा रविवारी जेवायला या, निवांत भेट होईल, आणि हे सासूबाईंना बोलू दे, तुम्ही नको.