पंगत बसली की कुत्री भुंकू लागते, काय करावे?

प्रश्न (कसबा बावडा)

नमस्कार. आमच्याकडे साडेतीन वर्षांची लॅब्रॅडोर कुत्री आहे, नाव राणी. घरात सहा माणसे असून आम्ही जमिनीवर बसून जेवतो, त्यामुळे तिचे तोंड आणि आमचे ताट एकाच उंचीवर येते. ताटांचा आवाज झाला की ती येऊन बसते, आधी कुंईकुंई करते, मग पंजा मारते आणि तरीही कोणी पाहिले नाही तर एकसारखी भुंकते. रविवारी मटण शिजायला लागले की ती स्वयंपाकघरातून हलतच नाही. तिला सकाळी आठला आणि रात्री आमचे जेवण आटोपल्यावर खाणे मिळते. मामंजी तिला चतकोर भाकरी घातल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत. मुक्या जनावरासमोर एकट्याने जेवू नये, हे त्यांचे म्हणणे मलाही चुकीचे वाटत नाही. बाहेर बांधले तर ती इतकी रडते की शेजारी विचारायला येतात. गेल्या वर्षी नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिचे वजन ३४ किलोवर गेले आहे. तिला खरोखरच भूक लागते, की ही केवळ सवय आहे?

उत्तर १ (राजारामपुरी)

ताई, भूक खरी असू शकते, पण म्हणून तेवढ्या अन्नाची गरज असतेच असे नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले की सुमारे चारांपैकी एका लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गहाळ असतो आणि अशा कुत्र्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. त्यातच नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची अन्नाची गरज मात्र कमी होते. तरीही आधी पशुवैद्यांना दाखवून जंत, मधुमेह आणि चालू औषधे तपासून घ्या, कारण स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही भूक फार वाढते.

सवयीबद्दल सांगायचे तर, तुमच्या घरी कोणी रोज देतो, कोणी कधीतरी देतो, आणि हे ‘कधीतरी’च सर्वांत चिवट ठरते. दहा वेळा भुंकून एकदा तुकडा मिळाला तरी अकराव्यांदा भुंकणे तिला फायद्याचे वाटते. तुम्ही देणे बंद कराल तेव्हा पहिले काही दिवस भुंकणे कमी न होता वाढेल. तेव्हा पाचव्या दिवशी कंटाळून घास टाकलात, तर पाच दिवस भुंकावे लागते एवढेच ती शिकेल. म्हणून सहाही जणांचे आधी एकमत होऊ द्या. पाच जणांनी पाळून एकाने मोडले तर काहीच उपयोग नाही.

उत्तर २ (नागाळा पार्क)

वरील मताशी सहमत आहे, मात्र नुसते दुर्लक्ष करणे मला अपुरे वाटते. पंगतीच्या वेळी तिने काय करावे, हेही तिला शिकवायला हवे. आमच्या कुत्र्यासाठी आम्ही सोप्यात एक पोते अंथरले. सुरुवात जेवणाच्या वेळी केली नाही, तर चहाच्या वेळी केली, कारण तेव्हा वास कमी असतो आणि माणसांनाही घाई नसते. तो पोत्यावर शांत बसला की त्याच्याच खाण्यातले चार दाणे पोत्यावर टाकायचे. आधी दर दहा सेकंदांनी, मग अर्ध्या मिनिटाने, मग दोन मिनिटांनी. तो उठून आला तर न बोलता परत नेऊन बसवायचे. ओरडू नका; तिच्या दृष्टीने ओरडणे म्हणजेही कोणीतरी लक्ष दिले.

तिचे रात्रीचे खाणे तुमच्या पंगतीच्या अर्धा तास आधी द्या. आणि मामंजींची चतकोर भाकरी बंद करू नका. ती त्यांच्याच हातून, पण जेवण झाल्यावर आणि तिच्या भांड्यात जाऊ द्या. तेवढे खाणे मात्र रोजच्या मापातून वजा करा.

उत्तर ३ (उचगाव)

रविवारबद्दल कळकळीने सांगते. तांबडा असो वा पांढरा, रस्सा तिला अजिबात देऊ नका, रश्श्यात कुस्करलेली भाकरीही नको. कांदा आणि लसूण शिजवले तरी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसत असल्याने कारण लक्षातही येत नाही. शिजलेले हाड तर कधीच नको. त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. आमच्या कुत्र्याच्या घशात असाच तुकडा अडकला होता आणि तो काढेपर्यंतची ती रात्र आम्ही कोणीही विसरलेलो नाही. मटण द्यायचेच असेल, तर मसाला घालण्यापूर्वी बिनचरबीचा, बिनहाडाचा एक तुकडा वेगळा उकडून ठेवा.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीत जंत निघाले, त्याचे औषध झाले. चौथ्या आणि पाचव्या दिवशी भुंकणे इतके वाढले की मी हार मानणार होते, पण तेव्हा मामंजींनीच सर्वांना थांबवले. आता ती चहाच्या वेळी पोत्यावर पूर्ण वेळ बसते, रात्रीच्या जेवणात दोनतीनदा उठते. रविवारी अजून जमत नाही; त्या दिवशी मुलगा तिला पंगत उठेपर्यंत फिरवून आणतो. मामंजी हात धुऊन चतकोर भाकरी घेऊन सोप्यात जातात, आणि ती त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून न भुंकता वाट पाहते.